इलेक्ट्रिक माउंटन बाइक आणि पेडल आपटण्याच्या दुखापती

डोंगरवाटेवर सायकलचे पेडल फेरीच्या सर्वांत खालच्या टप्प्यात असताना खडकावर, झाडाच्या मुळावर किंवा चरीच्या काठावर आदळते, या घटनेला सायकलस्वार ‘पेडल आपटणे’ म्हणतात आणि बहुधा खणकन आवाज होऊन सायकल पुढे निघून जात असल्यामुळे तिची गणना यंत्राच्या किरकोळ कटकटींमध्ये करतात. वैद्यकीय दृष्टीने मात्र असा प्रत्येक आघात ही थोडक्यात चुकलेली दुखापत असते. बॅटरी आणि मोटर असलेल्या माउंटन बाइकवर हा प्रकार साध्या सायकलपेक्षा अधिक वेळा घडतो; त्याचे मूळ स्वाराच्या कौशल्यात जेवढे आहे त्याहून अधिक सायकलची बांधणी आणि मोटरची चाल यांत आहे, म्हणून प्रतिबंधाचा विचारही तेथूनच सुरू करणे योग्य ठरते.

साध्या सायकलवर तीव्र, खडकाळ चढ लागला की स्वार दमतो, खाली उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार मोटरची अखंड शक्ती 250 वॅट आणि तिची मदत ताशी 25 किलोमीटर वेगापर्यंतच मर्यादित असली, तरी चढावर तेवढे साहाय्य पुष्कळ होते. त्यामुळे इटलीतील गार्डा सरोवराभोवतीच्या चुनखडकी वाटांसारख्या जागी, जेथे पूर्वी पायउतार व्हावे लागे, तेथे आता स्वार बसल्या बसल्या पेडल मारत वर जातो आणि अर्थातच अधिक दगडांवरून पाय फिरवतो. ही मोटर पाय फिरत असतील तोवरच साहाय्य करते, आणि पाय थांबले की 20 ते 25 किलो वजनाची सायकल चढावर जागच्या जागी अडते. म्हणून समोर दगड दिसत असूनही स्वाराला पाय थांबवण्याचा धीर होत नाही. काही मोटरींमध्ये पायऱ्यांसारखे अडथळे ओलांडता यावेत म्हणून पाय थांबल्यानंतरही क्षणभर जोर चालू ठेवण्याची सोय असते. ती कसलेल्या स्वाराला उपयोगी पडते, परंतु पेडल दगडाला टेकलेले असताना तोच जोर सायकल पुढे रेटतो आणि स्वाराचा तोल घालवतो.

पेडल जमिनीपासून किती उंच राहते, हा साध्या वजाबाकीचा प्रश्न आहे. दोन्ही पेडलांच्या दांड्या, म्हणजे क्रँक, ज्या आसावर फिरतात त्या आसाची उंची 345 मिलिमीटर आणि क्रँकची लांबी 170 मिलिमीटर धरली, तर फेरीच्या तळाशी 175 मिलिमीटर उरतात. त्यातून पेडलची निम्मी जाडी वजा जाते, आणि स्वार बसल्याबरोबर सस्पेंशन त्याच्या भाराने खाली दबते, ज्याला ‘सॅग’ म्हणतात, त्यात आणखी तीन-चार सेंटिमीटर खर्ची पडतात. हाती उरतात जेमतेम 130 मिलिमीटर, आणि सायकल वळणावर कलली किंवा खड्ड्यात सस्पेंशन आणखी दबले की तेवढेही राहत नाहीत. अशा हिशेबात 170 ऐवजी 160 मिलिमीटरची क्रँक बसवून मिळणारे 10 मिलिमीटर नगण्य म्हणता येत नाहीत.

आखूड क्रँकमुळे पायाची ताकद वाया जाईल, ही भीती स्वारांमध्ये खोलवर रुजलेली आहे, पण शरीरक्रियाशास्त्राचा तिला फारसा आधार नाही. मार्टिन आणि स्पिर्दुसो या संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 120 ते 220 मिलिमीटर लांबीच्या क्रँक वापरून सरावलेल्या सायकलपटूंची कमाल शक्ती मोजली, तेव्हा 145 आणि 170 मिलिमीटरच्या क्रँकवर ती जवळपास सारखीच भरली. उलट आखूड क्रँकवर फेरीच्या माथ्याशी गुडघा आणि कंबरेचा सांधा कमी दुमडतात, ही गोष्ट चाळिशीपुढच्या स्वारांना सहसा मानवते. क्रँक 10 मिलिमीटरने आखूड केल्यास सीट तेवढीच वर घ्यावी, म्हणजे पेडल तळाशी असताना गुडघ्याचा वाक पूर्वीइतकाच राहतो. हा बदल विसरल्यास बैठक नकळत खाली राहते आणि काही आठवड्यांत गुडघ्याची वाटी दुखू लागते. मुळात मोटर असलेल्या सायकलवर लांब क्रँकचा आग्रह धरण्यात कोणतेच शहाणपण दिसत नाही.

भाड्याच्या सायकलवर क्रँक बदलता येत नाही. जर्मनी किंवा स्वित्झर्लंडमध्ये राहणारी मराठी कुटुंबे आल्प्समध्ये सुटीला जातात तेव्हा त्यांच्या हाती बहुधा अशीच सायकल येते. परंतु तिच्या शॉकमधील हवा आधीच्या स्वाराच्या वजनाप्रमाणे भरलेली असण्याची शक्यता असते, आणि ती मात्र पाच मिनिटांत दुरुस्त होते. पाठीवरच्या पिशवीसह सायकलवर बसल्यावर मागचा शॉक आपल्या एकूण चालीच्या सुमारे 25 ते 30 टक्के दबावा, त्याहून अधिक दबत असेल तर हवा वाढवून घ्यावी. पुढे 29 इंची चाक असलेल्या सायकलला मागे परस्पर लहान चाक बसवल्यास आसाची उंची एखाद्या सेंटिमीटरने घटते, हेही हौशी फेरफार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

चालवण्याच्या सवयींपैकी सर्वांत गुणकारी सवय अर्ध्या फेरीची आहे: दगडांच्या पट्ट्यातून जाताना पूर्ण फेरी न मारता पेडल पुढे पाव किंवा अर्धी फेरी दाबायचे, लगेच मागे फिरवून घ्यायचे आणि पुन्हा दाबायचे, म्हणजे कोणतेच पेडल तळाला जात नाही आणि मोटरलाही अधूनमधून इशारा मिळत राहतो. यासाठी साहाय्याची पातळी एक पायरी खाली ठेवावी, कारण सर्वांत वरच्या पातळीवर हलक्या दाबालाही सायकल उसळी घेते. उतारावर पेडल मारण्याचे काम नसते, तेथे दोन्ही पेडल आडव्या रेषेत ठेवावेत.

इतके करूनही पेडल आपटतेच, आणि मग पाय निसटून पोटरीच्या पुढच्या बाजूला, म्हणजे नडगीवर, पेडलच्या खिळ्यांसारख्या पिना बसतात. तेथे हाड आणि त्वचा यांमध्ये मांस जवळजवळ नसल्यामुळे जखम खोल, फाटलेली आणि सावकाश भरणारी असते. स्वच्छ कपड्याने दहा मिनिटे सलग दाब देऊन रक्त थांबवावे, नंतर पिण्याच्या पाण्याची धार सोडून माती पूर्ण निघेपर्यंत जखम धुवावी; हळद किंवा टूथपेस्ट भरू नये. मातीने मळलेल्या जखमेबाबत धनुर्वाताच्या लसीचा शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असल्यास तो पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी साध्या मुक्या मारालाही कमी लेखू नये.

न फुटलेल्या मारातही एक धोका दडलेला असतो. नडगीलगतचे स्नायू न ताणल्या जाणाऱ्या आवरणांच्या कप्प्यांत बंद असतात. मारामुळे कप्प्यात सूज किंवा रक्तस्राव झाला तर आतील दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटू लागतो. दिसणाऱ्या माराच्या मानाने वेदना फारच जास्त असणे, ती तासागणिक वाढणे, पायाची बोटे दुसऱ्याने हलवली असता असह्य कळ येणे आणि पाऊल बधिर होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी पट्टी घट्ट न बांधता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे, कारण स्नायू वाचवण्यासाठी हाती काही तासच असतात.

आघाताने स्वार हँडलवरून पुढे फेकला गेल्यास हात टेकून पडतो. अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर जो खळगा दिसतो तेथे दाबल्यावर दुखत असेल, तर पहिला एक्स-रे निर्दोष आला तरी स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडलेले असू शकते. मनगट आधारात ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी लागते. हँडलचे टोक पोटात लागले असल्यास, बाहेर नुसता वळ दिसत असला तरी, यकृत किंवा प्लीहा फाटल्याची शक्यता त्याच दिवशी पडताळून घ्यावी. डोक्याला मार लागून गोंधळल्यासारखे झाले, उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये आणि लगेच रुग्णालयात जावे; आपत्कालीन मदतीसाठी युरोपात तसेच भारतातही 112 हा क्रमांक चालतो.

जोरदार आपटण्यानंतर सायकलही तपासावी लागते. पेडलचा आस किंचित वाकला असेल तर प्रत्येक फेरीला पाऊल आतबाहेर कलते, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघ्याच्या एकाच बाजूला दुखणे सुरू होते, ज्याचा संबंध त्या विसरलेल्या आघाताशी कोणी जोडत नाही. अशा गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जाताना स्वाराने पेडल कधी आपटले होते का हे आपणहून सांगावे, आणि त्याआधी सायकल उलटी ठेवून पेडल हाताने फिरवून पाहावे. ते डोलताना दिसले तर ते बदलेपर्यंत गोळ्यांनी तात्पुरताच आराम पडेल.