खडकावरचा कवला आणि नावांची गोष्ट

इंग्रजीच्या तासाला ‘रॉक गार्डन’ हा शब्द आला, तेव्हा सरांनी ऑब्रिएटाचा फोटो दाखवला. दगडी भिंतीवरून खाली पसरलेली जांभळी फुलं! घरी येऊन आजीला तो दाखवला, तर ती म्हणाली, “आपल्या सड्यावर काय कमी फुलतं होय? कवला बघितलास का?” कवल्याची भाजी मी खाल्ली होती; फूल मात्र ओळखत नव्हते.

ऑब्रिएटा मूळची आग्नेय युरोप ते तुर्कस्तान या भागातल्या डोंगरांवरची. ती अनेक वर्षं जगते आणि फटीत मुळं रोवून खडकावर पसरते. तिचं नाव क्लोद ओब्रिए या फ्रेंच चित्रकारावरून आलं. वनस्पतींची चित्रं काढणारा हा माणूस.

आता आपल्याकडे या. जांबोटीहून चोर्ल्याकडे जाताना जांभ्याचे सडे लागतात. त्यांच्यावर माती जेमतेम बोटभर. पावसात सगळं चिंब, दिवाळीनंतर तापलेला तवा. अशा खडकाळ जागी कवला दुसरीच युक्ती करतो. तो पावसाळ्यात उगवतो, पिवळा फुलतो, बी टाकतो आणि मरतो. उन्हाळा काढतं ते बी. हा वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातला. मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन त्याला मिळवून देतात. म्हणून गरीब मातीतही त्याचं भागतं.

शास्त्रात कवला म्हणजे ‘स्मिथिया’. हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून पडलं. त्यांनी १७८४ साली लिनियसचा संग्रह विकत घेतला आणि १७८८ साली लंडनमध्ये लिनियन सोसायटी स्थापन केली. कासच्या पठारावर येणारे पर्यटक याच्याच एका जातीला ‘मिकी माऊस’ म्हणतात.

एकाच रोपाची तीन नावं, आणि प्रत्येक नावामागे वेगळी नजर. भाजीसाठी कोवळा पाला फुलण्याआधीच खुडतात, म्हणून स्वयंपाकघराला पान माहीत. पर्यटकाला फूल माहीत. ग्रंथाला कूळ माहीत. पूर्ण रोप बघायचं तर तिघांनाही विचारावं लागतं.

आपण मात्र सड्याला सहज ‘पडीक’ म्हणून मोकळे होतो. ज्याला नाव नाही, त्याच्यावरून डंपर गेला तरी कुणाला हळहळ वाटत नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, येत्या पावसाळ्यात एवढंच करा. घरातल्या मोठ्यांना रानफुलांची नावं विचारा. मराठी, कन्नड, कोकणी, जशी ऐकाल तशी वहीत लिहा. फूल तोडू नका. नाव तेवढं घरी आणा.