आधी विचारावं, हे सापडलं कुठे?

पुरातत्त्व हा माझा व्यवसाय नाही. संग्रहालयं पाहण्याचा नाद मात्र जुना आहे. त्यातून जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. सोन्याआधी मडकं बघावं.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९६८पासून तिथे अनेक हंगाम खोदकाम केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथले राखी रंगाचे कुंभ काचेमागे सुटे ठेवले, तर कुणी थांबणारही नाही. पण ते सापडले कसे? घरातल्या जमिनीखालच्या खड्ड्यात, दोन कुंभ आडवे, तोंडाला तोंड लावलेले, आणि आत लहान मूल. ज्या जमिनीवर घरचे जेवत, निजत, तिच्याच पोटात त्यांनी आपलं लेकरू ठेवलं होतं. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून पुरत आणि बहुतेकांचे पाय घोट्यापासून तोडलेले असत. मृताने उठून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एक माणूस मात्र पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला मिळाला, पाय शाबूत असलेला. त्याचा मान आपल्याला कळतो तो घर, अंगण आणि रांजण यांची जागा नोंदवली गेली म्हणून. नुसता रांजण हे सांगू शकला नसता.

२. धातूवरचा हिरवा थर घासू नये.

शेतात नाणं सापडलं की आपल्याकडे पहिलं चिंचेने घासतात. माझी कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. नेवाशाच्या उत्खननात एका मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याचे मणी मिळाले आणि त्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा अंश टिकून होता. दोरा एरवी मातीत केव्हाच कुजतो. इथे तांब्याच्या क्षारांनी त्याला राखलं. कुणी उत्साहाने ते मणी लखलखीत केले असते, तर प्राचीन सुताचा हा पुरावा नाल्यात गेला असता.

३. सुंदर वस्तूलाही पत्ता लागतो.

दायमाबादची ब्राँझची शिल्पं मला महाराष्ट्रातल्या सगळ्या धातुकामात थोर वाटतात. रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. सगळी भरीव, मिळून साठ किलोंहून जड. १९७४मध्ये प्रवरेकाठच्या या गावी झाडाचं खोड खणताना ती योगायोगाने हाती आली. रीतसर उत्खननात, थर मोजत ती निघाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत आजही वाद आहे. पुढे तिथे उत्खनन झालं, त्यामुळे निदान वस्तीचा इतिहास तरी हाती आला.

४. कोल्हापूरचा पोसायडन चुकवू नये.

रोमन जगातला हा समुद्रदेव टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. तो पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला मिळाला, हे कळलं की बंदरातून घाट चढून आलेला व्यापारी माल डोळ्यांपुढे येतो. मूर्ती लहान आहे, शोधावी लागते.

५. वीरगळ खालून वर वाचावा.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड. तळाला लढाई, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. संग्रहालयात हे वाचता येतं, पण वीर कोणत्या वेशीवर पडला ते मूळ जागाच सांगते. बोरिवलीजवळच्या एकसरचे जहाजांच्या लढाईचे वीरगळ तिथेच उभे आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. गावातला वीरगळ उचलून बंगल्याच्या बागेत लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. आणि नांगराला काही लागलं तर हलवण्याआधी जागेवरच फोटो काढा, आजूबाजूची खूण टिपून ठेवा. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तहसील कचेरीत विचारलं तरी पुढची वाट कळेल.