नकाशावरून कुंपणाची परिमिती

विहाराच्या जागेला काटेरी तारेचे कुंपण घालण्याचे ठरले, तेव्हा तार किती लागेल हा हिशेब आम्ही रविवारच्या अभ्यासवर्गातील सातवीच्या मुलांपुढे ठेवला. नकाशावर प्रमाण होते १:२००. म्हणजे कागदावरील १ सेंमी हे जागेवरील २०० सेंमी, अर्थात २ मीटर. जागा आयताकृती, कागदावर ९ सेंमी लांब, ६ सेंमी रुंद. चारही बाजूंची बेरीज ३० सेंमी, म्हणून प्रत्यक्ष परिमिती ६० मीटर. फाटकाचे ३ मीटर वजा जाता ५७. तारेच्या चार ओळी धरून २२८ मीटर. आकड्यापुढे एकक लिहायचेच, हा आमचा आग्रह. एकक नसलेले उत्तर म्हणजे सही नसलेला चेक!

एका मुलीचे उत्तर मात्र १८० मीटर आले. तिला चूक ठरविण्याची घाई आम्हीही केली, हे कबूल केले पाहिजे. गुणाकार तिचा बरोबर होता. तिच्या हाती नकाशाची लहान केलेली झेरॉक्स होती. तीत बाजू ७.२ व ४.८ सेंमी भरत होत्या. नकाशा लहान झाला, पण त्यावरचे १:२०० हे आकडे तसेच राहिले. त्यावर विसंबून खरेदी केली असती तर तार ४८ मीटर कमी पडली असती, आणि पैसा वर्गणीचा.

मग खरे प्रमाण कसे काढावे? नकाशाच्या कोपऱ्यात १० मीटर दर्शविणारी रेघ होती. मूळ नकाशात ती ५ सेंमी, झेरॉक्समध्ये ४ सेंमी; कारण ती नकाशाबरोबरच लहान झाली. ४ सेंमीला १० मीटर, तर १ सेंमीला २.५ मीटर. मुलीची बेरीज २४ सेंमी. २४ × २.५ = ६० मीटर. अशी रेघ नसेल तर एक बाजू जागेवर टेपने मोजून कागदाशी ताडावी.

क्षेत्रफळात मुले वेगळेच फसतात. मूळ नकाशातील ५४ चौसेंमीला २ ने गुणून १०८ चौमी सांगतात. जागा १८ × १२, म्हणजे २१६ चौमी आहे. लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात, म्हणून २ ने दोनदा गुणावे लागते.

वर्तुळाला रीत हीच. सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर. १:६०० प्रमाणाने काढल्यास तो ६.१ सेंमी, परीघ सुमारे १९.१५ सेंमी, प्रत्यक्षात ११५ मीटरच्या आसपास. प्रदक्षिणेचा मार्ग बाहेरून जातो, तेव्हा चालणे थोडे अधिकच होईल.