चित्र गेले कुठे?



समजा, हिंजवडीतल्या एका शाळेच्या मुलांनी आपल्या गावाचे संकेतस्थळ तयार केले. इन्फोटेक पार्क येण्यापूर्वीची शेते, वाडे, यात्रा यांची जुनी छायाचित्रे त्यांनी घरोघरी हिंडून जमवली. शाळेच्या संगणकावर सारे झकास दिसले. पण संकेतस्थळ इंटरनेटवर चढवताच चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी! चित्रे गेली कुठे?

बहुतेक वेळा ती कुठेच गेलेली नसतात. त्यांचा पत्ता चुकलेला असतो.

चित्र पानात नसते

वर्तमानपत्रात चित्र कागदावरच छापलेले असते. वेबपानाचे तसे नाही. पानात फक्त मजकूर आणि चित्राचा पत्ता असतो. ब्राउझर आधी पान आणतो, त्यातला पत्ता वाचतो आणि चित्रासाठी सर्व्हरकडे वेगळी मागणी करतो. पत्ता बरोबर असेल तरच चित्र येते.

पत्त्याचे दोन प्रकार

हिंजवडीला पत्र पाठवताना आपण ४११०५७ हा पिनकोड लिहितो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत पहिले तीन अंक पुण्याकडे नेतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवतात. हा पूर्ण पत्ता. पत्र कोठूनही टाका, ते तेथेच पोचेल.

पण "पुढच्या चौकातून डावीकडे वळा" हा पत्ता तुम्ही कोठे उभे आहात यावर अवलंबून असतो. हा सापेक्ष पत्ता. संकेतस्थळाच्या आत बहुधा असेच पत्ते वापरतात.

समजा, 'गाव' या फोल्डरात 'लेख' आणि 'चित्रे' असे दोन फोल्डर आहेत. शेतीविषयीचे पान 'लेख'मध्ये आहे आणि त्यात पत्ता लिहिला आहे 'चित्रे/ऊस'. ब्राउझर 'लेख'च्या आतच 'चित्रे' शोधील आणि त्याला काही सापडणार नाही. आधी एक पायरी वर जायला हवे. त्यासाठी दोन टिंबे आणि तिरपी रेघ लिहितात: '../चित्रे/ऊस'.

काही जण चित्राचा पत्ता म्हणून आपल्याच संगणकाच्या सी ड्राइव्हची वाट लिहितात. त्या संगणकावर चित्र दिसते, पण इतर कोणालाही दिसत नाही.

नावातील सापळे

विंडोज सहसा इंग्रजी मोठ्या व लहान लिपीत भेद करत नाही, लिनक्स करते. पुष्कळ सर्व्हर लिनक्सवर चालतात. म्हणून घरी चाललेला पत्ता तेथे अडतो.

मराठी नावांची तऱ्हा आणखी निराळी. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु आतील संकेत वेगळे असल्याने सर्व्हर त्यांना दोन वेगळी नावे समजतो. शिवाय पाठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हे होतात. 'हिंजवडी'मध्ये काना-मात्रा-अनुस्वारासह सात चिन्हे आहेत, म्हणजे ६३ झाली! तेव्हा फाइलीचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे हे उत्तम.

दोष कसा शोधाल?

चित्राचा पत्ता ब्राउझरच्या वेगळ्या खिडकीत उघडा. ४०४ हा आकडा दिसला, तर सर्व्हरपर्यंत मागणी पोचली, पण त्या पत्त्यावर वस्तू नाही. ४०३ म्हणजे वस्तू पाहण्याची परवानगी नाही. ५ ने सुरू होणारा आकडा असेल, तर बिघाड सर्व्हरच्या बाजूला आहे. ४०४ आल्यास फोल्डर, नाव आणि नावाचे शेपूट (जेपीजी की जेपीईजी?) एकेक करून ताडून पाहा. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूरही द्या. चित्र आले नाही तरी काय होते ते कळते आणि दृष्टिहीन वाचकाला ते ऐकता येते.

एवढी काळजी कशासाठी?

अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. गावातली शेते गेली, आणि त्यांच्या चित्राचा पत्ताही हरवला, तर पुढच्या पिढीला काय उरेल? म्हणून ठरलेला पत्ता उगीच बदलू नये. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सूचना सर्व्हरला द्यावी. तिचा संकेतांक ३०१.

करून पाहा

वरीलप्रमाणे तीन फोल्डर, एक पान आणि एक चित्र तयार करा. आता पान 'लेख'मधून बाहेर काढून थेट 'गाव'मध्ये ठेवा. चित्र दिसते का? पत्ता कसा बदलावा लागेल? उत्तर आधी कागदावर लिहा, मग पडताळा.