रोलचा कॅमेरा

छायाचित्र काढणे आज अगदी सोपे झाले आहे. तरीही काही लोक रोल घालायचा जुना कॅमेरा आवडीने वापरतात. हा कॅमेरा कसा चालतो आणि तो अजून का टिकून आहे, हे या पाठात सांगितले आहे.



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी मोबाइल असेल. त्यात किती फोटो आहेत, कधी मोजले आहेत का? पाचशे? हजार? आता आणखी एक प्रश्न विचारतो. त्यांतले किती फोटो तुम्ही दुसऱ्यांदा पाहिले?

माझ्या लहानपणी एका रोलमध्ये साधारण ३६ फोटो निघत. रोल महाग असे. म्हणून फोटो काढण्याआधी माणसे केस विंचरत, कपडे ठीक करत आणि श्वास रोखून उभी राहत. फोटो कसा आला, हे लगेच कळत नसे. रोल संपला की तो दुकानात धुवायला द्यायचा आणि आठवडाभर वाट पाहायची!

'कॅमेरा' हा शब्द लॅटिन भाषेतला आहे. त्याचा अर्थ खोली. तुम्ही उर्दूत खोलीला 'कमरा' म्हणता. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि त्याचेही मूळ तेच आहे. मराठीतला 'तसबीर' हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. तो अरबी-फारसीतून मराठीत आला.

खोलीचा आणि चित्राचा संबंध फार जुना आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म बसरा येथे झाला. 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. अंधाऱ्या जागेत लहानशा छिद्रातून प्रकाश आत आला, की समोर बाहेरच्या वस्तूचे उलटे चित्र पडते. या गोष्टीचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. कॅमेरा म्हणजे अशीच एक छोटी अंधारी खोली. छिद्राच्या जागी भिंग असते आणि भिंतीच्या जागी फिल्म.

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा लेप असतो. त्या लेपात चांदीच्या क्षारांचे अतिशय बारीक कण असतात. आपण बटण दाबतो, तेव्हा क्षणभर पडदा उघडतो आणि फिल्मवर प्रकाश पडतो. जिथे प्रकाश पडतो, तिथल्या कणांत बदल होतो. पण हा बदल डोळ्यांना दिसत नाही. चित्र फिल्मवर असते, पण झोपलेले असते. पूर्ण अंधारात फिल्म औषधी पाण्यातून धुतली, की ते जागे होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर उजेडाची जागा काळी दिसते आणि सावलीची जागा स्वच्छ. यालाच निगेटिव्ह म्हणतात. निगेटिव्हवरून कागदावर छाप घेतली, की उजेड आणि सावली पुन्हा आपापल्या जागी येतात.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती देण्याचे मोठे काम अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी केले. १८८८ साली त्यांनी कोडॅक नावाचा कॅमेरा विकायला आणला. त्यात १०० फोटोंचा रोल भरलेला असे. रोल संपला, की लोक अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवत. तिथून फोटो आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. पुढे आपल्या देशातही फिल्म तयार होऊ लागली. १९६० साली उटी येथे 'हिंदुस्थान फोटो फिल्म्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची 'इंदू' नावाची फिल्म देशभर विकली जाई. आता तो कारखाना बंद झाला आहे.

गंमत अशी, की रोलची गरज संपवणारा कॅमेराही कोडॅक कंपनीतच जन्मला. १९७५ साली तिथले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन साडेतीन किलोंहून जास्त होते. एक काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. तीसेक वर्षांत डिजिटल कॅमेरे घरोघर पोहोचले. रोल धुणारी दुकाने एकेक करून बंद झाली. २००९ साली कोडॅकने आपली प्रसिद्ध कोडाक्रोम फिल्म बंद केली. २०१२ साली तर कंपनीवर दिवाळखोरीपासून संरक्षण मागण्याची वेळ आली.

आता रोलचा कॅमेरा संपला, असे सर्वांना वाटले. पण तसे झाले नाही. बंद पडलेली एक्टाक्रोम फिल्म कोडॅकने २०१८ साली पुन्हा बाजारात आणली. २०२४ साली पेंटॅक्सने रोलवर चालणारा अगदी नवा कॅमेरा काढला. २०२३ सालचा 'ओपनहायमर' हा गाजलेला चित्रपटही फिल्मवरच चित्रित झाला आहे. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आजही रोल धुऊन मिळतो.

लोक असे का करतात? मी माझ्यापुरते सांगतो.

मी आठ-नऊ वर्षांचा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सारी भावंडे आजीच्या घरी जमलो होतो. मामांनी नवा रोल घातला. पहिला फोटो ओसरीवर बसलेल्या आजीचा काढला. आजीला फोटो काढून घेणे मुळीच आवडत नसे. "माझ्या सुरकुत्यांवर कशाला पैसे घालवतोस?" असे ती म्हणाली आणि हसली. तेवढ्यात मामांनी बटण दाबले.

चार दिवसांनी दुपारी सगळे झोपले होते. आत फोटो कसे दिसतात, ते पाहावे, म्हणून मी कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडले. आत फोटो नव्हतेच. नुसती गुळगुळीत पट्टी होती. तेवढ्यात मामा आले. त्यांनी झटकन झाकण लावले. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. "फिल्मला ऊन दाखवलेस बाळा," एवढेच ते बोलले.

दोन आठवड्यांनी फोटो आले. मधले सगळे फोटो पांढरे फटक पडले होते. झाकण उघडल्यानंतर काढलेले फोटो चांगले होते, कारण ती फिल्म तेव्हा डबीतच होती. आणि आजीचा फोटो? तो पहिला होता, म्हणून गुंडाळीच्या अगदी आत गेला होता. वरच्या वेढ्यांनी उजेड आपल्या अंगावर झेलला आणि त्याला वाचवले. त्याच्या कडेला फक्त एक तांबूस पट्टा उमटला होता.

त्याच हिवाळ्यात आजी वारली. तिचा तो एकच फोटो आमच्याकडे आहे. निगेटिव्ह मामांनी कागदी पाकिटात जपून ठेवली होती. गेल्या वर्षी तिच्यावरून मी नवा मोठा फोटो करून घेतला. तांबूस पट्टा तसाच आहे. तो काढून टाकू का, असे दुकानदाराने विचारले. मी नको म्हणालो.

मित्रांनो, नवे यंत्र वाईट, असे मी म्हणणार नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फोटो लगेच दिसतो. चुकला तर पुन्हा काढता येतो. दूरच्या नातेवाइकांना क्षणात पाठवता येतो. रोल मात्र महाग आहे, धुण्यालाही पैसे पडतात आणि चूक झाली तर ती समजते फार उशिरा. मोबाइल पाण्यात पडल्यामुळे माझे दोन वर्षांचे फोटो गेले, हेही खरे आहे. पण त्यात मोबाइलचा दोष नव्हता. मी त्या फोटोंची दुसरी प्रत ठेवली नव्हती. मामांनी निगेटिव्ह जपली, म्हणून ती उरली.

मामांचा कॅमेरा आता माझ्याकडे आहे. वर्षातून दोन-तीन रोल मी काढतो. रोल मोजका असतो, म्हणून बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाकडे नीट पाहतो. ही सवय मला त्या कॅमेऱ्याने लावली. मोबाइलने फोटो काढतानाही ती कामी येते.

शब्दार्थ
भिंग – काचेचा फुगीर तुकडा, लेन्स
क्षार – मीठ, नमक
ओसरी – घरापुढची छप्पर असलेली मोकळी जागा
सुरकुत्या – म्हातारपणी कातडीवर पडणाऱ्या घड्या
चेहरा उतरणे – निराश होणे
मोजका – थोडा, गरजेपुरता

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'कॅमेरा' या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) 'इंदू' फिल्म तयार करणारा कारखाना कोठे होता?
(इ) पहिला डिजिटल कॅमेरा कोणी तयार केला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) आजीचा फोटो वाचला.
(आ) मामांचा चेहरा उतरला.
(इ) लेखकाचे दोन वर्षांचे फोटो गेले.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तर लिहा.
तांबूस पट्टा काढून टाकायला लेखकाने नकार का दिला असेल?

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
श्वास रोखणे, वाट पाहणे, कामी येणे

उपक्रम : घरातील सर्वांत जुना फोटो शोधा. तो कोणी, कोठे व केव्हा काढला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि एका वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा.