दाईचे झाड

वाळवंट म्हटले, की वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरून जाणारा उंटांचा तांडा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु सर्वच वाळवंटे अशी उजाड नसतात. अमेरिकेचे ॲरिझोना राज्य आणि शेजारचा मेक्सिको देश यांत पसरलेले सोनोरा वाळवंट काटेरी झाडाझुडपांनी भरलेले आहे.

या वाळवंटातील टूसॉन शहरी एक मोठे विद्यापीठ आहे. सोलापूर जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी तेथे गेली होती. जून महिन्याच्या अखेरीस तिच्या वर्गाची सहल सग्वारो राष्ट्रीय उद्यानात निघाली. सग्वारो हा तेथील प्रचंड निवडुंग होय. त्याच्या रक्षणासाठी १९३३ साली हा प्रदेश राखून ठेवण्यात आला आणि १९९४ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

उन्हाच्या भीतीने मंडळी सूर्योदयापूर्वीच निघाली. प्रत्येकाजवळ पिण्याचे पाणी भरपूर होते.

निवडुंग त्या मुलीच्या परिचयाचा होता. गावी शेताच्या कुंपणाला फड्या निवडुंग असे. तोही मूळचा अमेरिकेचाच! परंतु समोरचा निवडुंग चारमजली घराएवढा उंच होता आणि त्याला माणसाने वर उचललेल्या हातांसारख्या शाखा होत्या. ती मान वर करून पाहतच राहिली.

प्राध्यापक सांगू लागले, “याच्या खोडावरील उभ्या घड्या पाहा. याची बहुतेक मुळे उथळ, पण दूरवर पसरलेली असतात. पाऊस पडताच ती पाणी शोषून घेतात आणि या घड्या बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणे उलगडतात. पाणी सरत गेले, की त्या पुन्हा मिटतात.”

शेंड्यावर लाल फळे पिकली होती आणि पक्षी ती टोचून खात होते. तेथील तोहोनो ओओडम लोक वाळलेल्या सग्वारोच्याच फासळ्यांची लांब काठी करून ही फळे काढतात. फळांपाठोपाठ जुलैत पाऊस येतो. त्या पावसालाही तेथे ‘मान्सून’ म्हणतात, हे ऐकून त्या मुलीला घरची आठवण झाली.

नऊ वाजले. ऊन असह्य होऊ लागले. जवळच पालो व्हर्दे नावाचे झाड होते. अवर्षणात ते पाने गाळते आणि हिरव्या सालीच्या साहाय्याने अन्न तयार करते. त्याच्या विरळ सावलीत जाऊन मुलगी आपली थैली खाली ठेवणार, तोच प्राध्यापक ओरडले, “थांबा!”

तिचा हात जागीच थबकला. पायाशी दोन दगडांच्या मध्ये अंगठ्याएवढा एक काटेरी हिरवा गोळा होता.

“हे सग्वारोचे रोप. दहा वर्षांचे तरी असेल,” प्राध्यापक म्हणाले.

मुलगी चकित होऊन खाली बसली. दहा वर्षांत एवढीच वाढ!

“एका फळात सुमारे २,००० बिया असतात. उघड्यावर पडलेले बी रुजले, तरी रोप उन्हाने करपते, थंडीने गोठते किंवा प्राणी ते खाऊन टाकतात. फळे खाल्लेले पक्षी अशा झाडावर बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी सावलीत पडते. म्हणून या झाडाला येथे दाई म्हणतात. या रोपाला फुले येण्यास आणखी पंचवीस वर्षे तरी लागतील. हात फुटण्यास त्याहूनही अधिक. पुढे ते दीडशे वर्षांहून अधिक जगू शकेल.”

“आणि दाई?” मुलीने विचारले.

प्राध्यापकांनी पलीकडे बोट दाखविले. एका उंच सग्वारोच्या पायथ्याशी वाळलेले खोड उभे होते. वाढलेला निवडुंग भोवतालचे पाणी शोषून घेतो आणि पुष्कळदा दाईच आधी वाळून जाते.

मुलीने थैली उचलून खांद्याला लावली. मग सर्वांनी मिळून त्या झाडाखालची जमीन निरखली. आणखी तीन रोपे सापडली. त्यांची उंची मोजून वहीत नोंद करण्यात आली.

सकाळी येताना तिची दृष्टी उंच शेंड्यांकडे लागलेली होती. परतताना मात्र ती प्रत्येक झाडाखालची जमीन पाहून पाऊल टाकीत होती.

स्वाध्याय

१. सग्वारो पाणी कसे साठवितो?
२. पालो व्हर्देला ‘दाई’ का म्हणतात?
३. मुलीच्या दृष्टीत कोणता बदल झाला? तो का झाला?