पानं उलटसुलट लागली तेव्हा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या तयारीत मी सरावाचे निबंध सुट्या कागदांवर लिहायचो, एका पानावर एक परिच्छेद. एकदा औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढून तो गठ्ठा अभ्यासिकेतल्या मित्राला वाचायला दिला. "भारी झालाय," तो म्हणाला. रात्री पानं परत घेतली तर तिसरं पान पाचव्याच्या मागे लागलेलं. त्याला पत्ताच नव्हता. आधी त्याचाच राग आला. मग मी तसंच उलटसुलट वाचून पाहिलं, आणि मलाही काही खटकलं नाही.

विषय घरचाच होता: छत्रपती संभाजीनगरच्या पाणीटंचाईला निसर्ग जबाबदार की नियोजन? ठाऊक होतं ते सगळं मी त्यात ओतलं होतं. शहराला पाणी पुरवणारी मलिक अंबरची जुनी नहर, जायकवाडी धरणाचं १९६५ चं भूमिपूजन, १९७६ चं लोकार्पण, २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, टँकर, फुटणाऱ्या जलवाहिन्या. माहिती एकही चुकीची नव्हती. पण एका परिच्छेदाचं दुसऱ्यावाचून काही अडत नव्हतं. माझं मत शेवटच्या चार ओळींत, तेही भीतभीत. कारण आराखड्यात मी लिहिलं होतं: इतिहास, भूगोल, कायदा, उपाय. हे कप्पे झाले. कप्प्यात माहिती भरता येते, वाद घालता येत नाही.

तेव्हापासून कच्च्या पानावर प्रत्येक परिच्छेदासाठी एक पूर्ण वाक्य लिहितो, असं की त्यावर कुणीतरी 'छे, असं नाही' म्हणू शकेल. 'जायकवाडी प्रकल्प' यावर कोण भांडणार? 'धरण भरलं त्या वर्षीही नळाला रोज पाणी आलं नाही' यावर भांडता येतं. मग दोन वाक्यांच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते बघायचं. नुसतं 'तसेच', 'शिवाय', 'त्याचप्रमाणे' बसत असेल तर पानं खुशाल पिसा. 'पण', 'म्हणून', 'तरीही' बसला की पान जागचं हलत नाही.

तो निबंध मी पुन्हा लिहिला. सुरुवात भरलेल्या धरणापासून आणि कोरड्या नळापासून. म्हणून पुढचा परिच्छेद ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांचा: साठा असून तो शहरात पोहोचत का नाही, याचं उत्तर तिथे होतं. पण दुष्काळी वर्षांचं काय? हा विरोधी मुद्दा मी आधी एका ओळीत उडवला होता. आता त्याला अख्खा परिच्छेद दिला, आणि तोही समोरचा मांडेल तितक्याच जोरात: मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा, त्यात नदीच्या वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणं. इथे २००५ च्या कायद्याला अखेर काम मिळालं. टंचाईतही खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप व्हावं, असं तो सांगतो. म्हणजे तुटवड्याचंही नियोजन करावंच लागतं. पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची ही रीत आपल्याकडे जुनीच. याच शहरात १९५० साली महाविद्यालय काढणाऱ्या बाबासाहेब आंबेडकरांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचा. जात म्हणजे श्रमविभागणी, हा समर्थकांचा दावा ते टाळत नाहीत. समोर मांडतात आणि मग खोडतात.

मलिक अंबरची नहर मात्र काढून टाकली. जिवावर आलं, कारण तोच परिच्छेद सर्वांत देखणा होता. पण तेव्हाची वस्ती किती, आजची किती. तुलना टिकत नव्हती.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात तीन तासांत दोन निबंध असतात, २५० गुणांचे. आखणीला प्रत्येकी वीस मिनिटं दिली तरी लिहायला वेळ उरतो. कच्ची वाक्यं मात्र घड्याळ लावूनच लिहा, नाहीतर तिथेच निबंध सुरू होतो.

आणि आज रात्रीच तुमचा शेवटचा निबंध काढा, पानांवरचे आकडे झाकून ती पिसा, आणि काही न सांगता मित्राच्या हातात द्या.